अकरा ते चाळीस

भारत एकदिवसीय सामना हरला की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तीन गोष्टींवर वाद रंगतो. सलामीच्या जोडीने माती का खाल्ली, शेवटच्या दहा षटकांत धावा का निघाल्या नाहीत आणि नाणेफेक जिंकून कर्णधाराला ही दुर्बुद्धी कुठून सुचली. मधल्या तीस षटकांचा विषय सहसा निघत नाही. निघणार तरी कसा? त्या वेळात आपल्यातले निम्मे लोक टीव्हीसमोर नसतातच. सचिनच्या काळात पंधरा षटकं झाली की आंघोळी उरकायच्या, जेवणं व्हायची, कुणीतरी दळण आणायला जायचं आणि चाळिसाव्या षटकाला सगळे आपापल्या जागेवर परत. आता पहिला टप्पा दहा षटकांचा झाला आणि दळणाची जागा मोबाइलने घेतली, एवढाच फरक.

पण ही तीस षटकं म्हणजे डावाचा साठ टक्के भाग. भारताने आजवर खेळलेले मोठे एकदिवसीय सामने ओळीने मांडून बसलं, तर जिंकलेल्या करंडकांची आणि हातच्या गेलेल्या बऱ्याच सामन्यांची मेख इथेच सापडते. आणखीही एक गोष्ट दिसते. या षटकांत सामना फिरवणारा माणूस बहुधा एकाच जातकुळीचा असतो: पहिल्या सहांत फलंदाजी करणारा आणि वेळ पडली तर पाच-सात षटकं टाकणारा. आपण त्याला कामचलाऊ गोलंदाज म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या पुरुष संघातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि माझ्या मते आपलं एकदिवसीय क्रिकेटचं दुखणं सलामी, नाणेफेक, दव यांच्यापेक्षा त्यात जास्त आहे.

सुरुवात दुखऱ्या जागेपासूनच करू. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना. सलग दहा सामने जिंकून आलेला संघ, विराट कोहलीच्या स्पर्धेत ७६५ धावा, महंमद शमीचे २४ बळी. पॅट कमिन्सने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली तेव्हा आपल्याकडे अनेकांना हसू फुटलं होतं. रोहित शर्माने ३१ चेंडूंत ४७ कुटल्या, दहा षटकांत फलकावर ८० लागल्या. रोहितचा झेल ट्रॅव्हिस हेडने उलटं धावत जाऊन घेतला, पाठोपाठ श्रेयस अय्यर चार धावांवर गेला आणि तिथून डावाची चाकं चिखलात रुतली. सलग ९७ चेंडूंत एकही चेंडू सीमारेषेपार गेला नाही. कोहली आणि के. एल. राहुल यांनी ६७ धावा जोडल्या, त्याला १०९ चेंडू लागले. राहुलच्या ६६ धावा १०७ चेंडूंत आल्या, त्यात चौकार एक. त्या रात्रीपासून राहुलच्या नावाने बोटं मोडणं चालू आहे ते अजून थांबलेलं नाही.

आता त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात डोकवा. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४७ असताना मार्नस लाबुशेन मैदानात आला आणि त्याने ११० चेंडूंत नाबाद ५८ केल्या. राहुलपेक्षाही संथ! पण त्याला कुणी दोष दिला नाही, कारण दुसऱ्या टोकाला हेड १२० चेंडूंत १३७ धावा काढत होता. टोक धरून बसणारा फलंदाज चांगला की वाईट, हे दुसरं टोक ठरवतं. राहुलच्या समोर कोहली बाद झाल्यावर कोण होतं? रवींद्र जडेजा, २२ चेंडूंत ९. सूर्यकुमार यादव, २८ चेंडूंत १८. आणि सूर्याच्या मागे शमी, बुमरा, कुलदीप, सिराज. सहावी विकेट पडली की डाव आटोपला, हे राहुलला ठाऊक होतं आणि कमिन्सलाही. उंच मारलेला चेंडू फसला तर मागे कुणी नाही, हे डोक्यात घेऊन खेळणाऱ्याचे हात मोकळे सुटत नाहीत.

शेपूट एवढं लांबलं त्याची गोष्ट महिनाभर आधी, १९ ऑक्टोबरला, पुण्याजवळ गहुंज्याला सुरू झाली होती. बांगलादेशविरुद्ध स्वतःच्या पहिल्याच षटकात लिटन दासचा सरळ फटका पायाने अडवायला जाऊन हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला. षटकाचे उरलेले तीन चेंडू कोहलीने टाकले, गॅलरी खूश झाली. पंड्या स्पर्धेबाहेर गेला. फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींचा तोल एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाच्या जागी सूर्या आणि शमी असे दोघे आत आले, शार्दूल ठाकूर बाहेर गेला. शमीने पुढच्याच सामन्यात पाच बळी घेतले आणि ती दुखापत आपल्याला इष्टापत्ती वाटू लागली. श्रीलंकेला ५५ धावांत, दक्षिण आफ्रिकेला ८३ धावांत गुंडाळत असताना सहावा गोलंदाज कुठे आहे, हे विचारण्याची गरज कुणाला भासणार?

अंतिम सामन्यात मात्र ती भासली. कमिन्सने ग्लेन मॅक्सवेलला सहा षटकं दिली, हेडला दोन, मिचेल मार्शला दोन. पाचव्या गोलंदाजाची दहा षटकं तीन फलंदाजांनी मिळून ४४ धावांत काढली आणि वर रोहितची विकेट मिळवली. आपल्याकडे जडेजा आणि कुलदीप यांनी मिळून वीस षटकांत ९९ धावा दिल्या, बळी शून्य. दव पडलं होतं, दुपारी अडखळून येणारा चेंडू रात्री सुखाने बॅटवर येत होता, हे सगळं कबूल. तरी १९२ धावांची भागीदारी फुलत असताना एखादा वेगळा हात, वेगळी उंची, वेगळी गती फलंदाजांसमोर आणून बघावी असं कोणत्याही कर्णधाराला वाटतंच. रोहितने आणावं कुणाला? आठवडाभर आधी बंगळुरूला नेदरलँड्सविरुद्ध नऊ जणांनी गोलंदाजी केली होती, कोहली आणि रोहित दोघांनीही एकेक बळी घेतला होता. तो दिवाळीचा दिवस होता आणि सामना खिशात होता. खरी वेळ आली तेव्हा तो प्रयोग करण्याची छाती कुणाची झाली नाही आणि त्यात नवल नाही.

हे दुखणं आपलं मुळातलं नाही. उलट भारत एकदिवसीय क्रिकेट जिंकायला शिकला तोच मुळी कामचलाऊ गोलंदाजांच्या जोरावर. त्याआधीचा काळ झटकन ओलांडू. १९७४ मध्ये अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली हेडिंग्लेला पहिला सामना झाला आणि गेला. पुढच्या वर्षी लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर सुनील गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या आणि आपण ३ बाद १३२ वर साठ षटकं पूर्ण केली. १९७९ च्या विश्वचषकात तिन्ही सामने हरलो, त्यातला एक तर कसोटी दर्जाही न मिळालेल्या श्रीलंकेकडून.

मग १९८३. अंतिम सामन्याबद्दल एवढं बोललं गेलं आहे की त्याला हात न लावता मी उपांत्य सामन्याकडे जातो. ओल्ड ट्रॅफर्ड, समोर इंग्लंड. सुरुवात त्यांनी झकास केली होती. मग कपिल देवने एका टोकाने मोहिंदर अमरनाथला आणि दुसऱ्या टोकाने कीर्ती आझादला आणलं. अमरनाथ म्हणजे धावत येऊन क्रीझजवळ पोचेपर्यंत दमल्यासारखा दिसणारा मध्यमगती गोलंदाज. आझाद म्हणजे साधा सरळ ऑफस्पिन. या दोघांनी २४ षटकांत ५५ धावा दिल्या आणि तीन बळी घेतले. डेव्हिड गॉवर आणि माइक गॅटिंगला अमरनाथने काढलं, इयान बॉथमला आझादच्या खाली राहिलेल्या चेंडूने. खेळपट्टी संथ होती, चेंडू बॅटवर येत नव्हता आणि वेग नसलेल्या गोलंदाजाला मारायला स्वतःची ताकद लावावी लागत होती. इंग्लंडचा डाव २१३ वर संपला. मग आपल्या मधल्या फळीने, अमरनाथ ४६, यशपाल शर्मा ६१ आणि संदीप पाटील ३२ चेंडूंत नाबाद ५१ अशी त्याची परतफेड केली. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात अमरनाथने १२ धावांत तीन बळी घेतले. दोन्ही सामन्यांचा मानकरी तोच. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात जिंकलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हीच कामगिरी रवी शास्त्रीने सलामीला येऊन आणि डावखुरी फिरकी टाकून केली. त्याला बक्षीस मिळालेली ऑडी गाडी आपल्याला आठवते, त्याची मधली षटकं आठवत नाहीत.

उलट बाजूने हाच धडा आपल्याला दोनदा मायदेशी मिळाला. १९८७ चा उपांत्य सामना वानखेडेवर. ग्रॅहम गूचने मनिंदर सिंग आणि शास्त्री या दोन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांना स्वीप मारून मारून ११५ धावा केल्या. दोघे एकाच हाताचे, एकाच वळणाचे. गूच त्यासाठी नेटमध्ये तयारी करूनच आला होता. इंग्लंड २५४. आपला डाव ५ बाद २०४ पर्यंत ठीक चालला होता, कपिलने एडी हेमिंग्जला उंच मारण्याच्या नादात विकेट दिली होती आणि नंतर शेवटचे पाच गडी १५ धावांत गेले. दिलीप वेंगसरकर पोट बिघडल्याने खेळूच शकले नव्हते. मधल्या षटकांत त्यांची उणीव किती भासली, हे त्या काळी मुंबईत कुणालाही विचारावं.

१९९६ तर सगळ्यांच्या स्मरणात आहे. ईडन गार्डन्सवर श्रीलंकेच्या २५१ चा पाठलाग करताना आपण १ बाद ९८ होतो. सचिन ६५ वर जयसूर्याच्या चेंडूवर यष्टीचीत झाला आणि १ बाद ९८ चे ८ बाद १२० झाले. बाटल्या पडल्या, स्टँडमध्ये आगी लागल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला. त्या गोंधळात एक साधी गोष्ट मागे पडली. आपल्याला कापून काढणारा सनथ जयसूर्या हा सलामीचा फलंदाज होता. चार दिवसांनी लाहोरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध अरविंद डिसिल्व्हाने शतक ठोकलं आणि तीन बळीही घेतले. अर्जुन रणतुंगाच्या संघात फिरकी टाकणारे फलंदाज ओळीने उभे होते. आपण जयसूर्याच्या पहिल्या पंधरा षटकांतल्या फटकेबाजीचं अनुकरण करायला धावलो, त्याच्या गोलंदाजीचं नव्हे.

तरी पुढची पंधरा वर्षं आपलं या बाबतीत बरं चाललं. सचिनने एकदिवसीय सामन्यांत १५४ बळी घेतले, सौरव गांगुलीने १००, वीरेंद्र सेहवागने ९६, युवराज सिंगने शंभरावर. यांतला एकही गोलंदाज म्हणून संघात आला नव्हता. १९९८ मध्ये कोचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनने पाच बळी घेतले तेव्हा तो लेगब्रेक, ऑफब्रेक, जे हाताला लागेल ते टाकत होता. राहुल द्रविडने यष्ट्यांमागे उभं राहायचं मान्य केलं म्हणून सात फलंदाज खेळवता आले. त्यातूनच २००२ चा नॅटवेस्टचा दिवस उगवला. ३२६ धावांचा पाठलाग, ५ बाद १४६, सचिन बाद झालेला आणि निम्म्या भारताने टीव्ही बंद केलेला. युवराजने ६९ आणि महंमद कैफने नाबाद ८७ केल्या, त्यातला बराचसा भाग चोरट्या एकेरी-दुहेरी धावांचा. गांगुलीने काढलेला शर्ट सगळ्यांना आठवतो. मला त्या दोघांचं पळणं जास्त आठवतं.

कामचलाऊ गोलंदाज हा रामबाण उपाय नव्हे, हेही इथेच नोंदवलं पाहिजे. २००३ च्या अंतिम सामन्यात गांगुलीने आठ जणांच्या हाती चेंडू दिला. दिनेश मोंगिया संघात होता, अनिल कुंबळे बाहेर बसला होता. रिकी पाँटिंगने सगळ्यांना सारखीच वागणूक दिली आणि ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ केल्या. समोरचा संघ त्या दिवशी वेगळ्याच पातळीवर असेल तर डावपेच कागदावर राहतात.

२०११ हा या सगळ्याचा कळस. युवराजच्या ३६२ धावा आणि १५ बळी. मोहालीच्या उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध झहीर, नेहरा, मुनाफ, हरभजन आणि युवराज या पाचही जणांनी प्रत्येकी दोन गडी बाद केले. म्हणजे युवराज पाचवा गोलंदाज होता आणि पाचवा फलंदाजही. अंतिम सामन्यात वानखेडेवर कुमार संगकारा आणि थिलन समरवीराला त्यानेच काढलं. आपली फलंदाजी आली तेव्हा सेहवाग शून्यावर, सचिन १८ वर गेला, २ बाद ३१. त्यानंतर गौतम गंभीरने आधी कोहलीबरोबर ८३ आणि मग धोनीबरोबर १०९ धावांची भागीदारी केली. आपण पोस्टर लावलं ते धोनीच्या शेवटच्या षटकाराचं. गंभीरच्या ९७ धावा मातीने माखलेल्या शर्टातल्या होत्या आणि त्या बहुतांश मधल्या षटकांतल्या होत्या. गंभीर स्वतः ही गोष्ट अधूनमधून ऐकवत असतो आणि या एका मुद्द्यावर त्याचं चिडणं मला पटतं.

मग बिनसलं कुठे? थोडा दोष नियमांचा. ऑक्टोबर २०११ पासून डावात दोन्ही टोकांकडून दोन नवे चेंडू आले. चेंडू जुना होईना, रिव्हर्स स्विंग गेला, फिरकीला पकड मिळेना. पुढच्या वर्षी मधल्या षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर पाचाऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवायची सक्ती आली. त्या एका कमी झालेल्या क्षेत्ररक्षकाने कामचलाऊ गोलंदाजाचा बळी घेतला. पूर्वी डीप मिडविकेट, लाँगऑन, लाँगऑफ, डीप कव्हर आणि स्वीपर लावून सेहवागला सात षटकं चोरता यायची. आता एक बाजू उघडी राहते आणि तिथे चौकार बसतो. २०२५ च्या जुलैपासून ३४ षटकांनंतर एकच चेंडू वापरायचा नियम आला आहे, त्याने थोडा समतोल परत येईल.

नियम सगळ्यांनाच सारखे होते, तरी ऑस्ट्रेलियाला मॅक्सवेल आणि हेड मिळतात, न्यूझीलंडला ब्रेसवेल, फिलिप्स आणि रचिन रवींद्र. आपल्याकडे सरावाची पद्धतच बदलली. नेटमध्ये आता साइडआर्मने चेंडू फेकणारी माणसं असतात, नेट गोलंदाजांची फौज असते. स्वतःची फलंदाजी संपवून दुसऱ्याला अर्धा तास चेंडू टाकत बसण्याची गरज फलंदाजाला उरली नाही. वर २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आला. अकराच्या जागी बारा जण खेळत असतील तर दोन कामं करणाऱ्या एकाची किंमत आपोआप घटते.

आणि एक कारण जरा विचित्र आहे: आपलं यश. २०१३ मध्ये रोहित सलामीला आला, शिखर धवनबरोबर त्याची जोडी जमली, तिसऱ्या क्रमांकावर कोहली. पुढची सहा वर्षं या तिघांनी एवढ्या धावा केल्या की मधल्या फळीची परीक्षाच व्हायची नाही. अनुत्तीर्ण होण्याचीही संधी न मिळालेली मुलं जशी वरच्या वर्गात ढकलली जातात, तसे चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे फलंदाज येत-जात राहिले. अजिंक्य रहाणे, मनीष पांडे, दिनेश कार्तिक, अंबाती रायुडू, विजय शंकर, ऋषभ पंत. रहाणेला २०१८ च्या फेब्रुवारीनंतर एकदिवसीय संघात स्थान मिळालं नाही. डोंबिवलीकर अजून त्यावर तावातावाने बोलतात आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही.

या काळात एकच माणूस जुन्या साच्यातला सापडला होता, पुण्याचा केदार जाधव. १५ जानेवारी २०१७ ला गहुंज्याला इंग्लंडने ३५० केल्या. आपण बाराव्या षटकात ४ बाद ६३. समोर कोहली होता, तरी त्या दिवशी वेग ठरवत होता केदार. त्याची पद्धत पाहण्यासारखी होती: उंची कमी, त्यामुळे आखूड चेंडूखाली सहज जायचा आणि पॉइंटच्या डोक्यावरून वळवायचा. पुढे पडलेला चेंडू मनगटाने मिडविकेटला, त्यात ताकदीचा देखावा नाही. पायात गोळे आले, एकेरी धाव पळता येईना, तेव्हा त्याने चौकार-षटकारांतच भागवायला सुरुवात केली. दोघांची भागीदारी दोनशेची, केदारच्या ७६ चेंडूंत १२०. सामना आपण अकरा चेंडू राखून जिंकला. आणि हाच केदार हात जवळजवळ जमिनीला समांतर नेऊन असा चेंडू टाकायचा की तो उसळायचाच नाही. एकदिवसीय सामन्यांत त्याने २७ बळी घेतले. आशिया चषकात दुबईला पाकिस्तानविरुद्ध २३ धावांत तीन गडी बाद केले. त्या गोलंदाजीला हसणारे पुष्कळ होते. धोनीला मात्र तिचं मोल कळत होतं, तो नेमक्या वेळी केदारच्या हाती चेंडू ठेवायचा. केदारनंतर त्याच्यासारखा कुणी शोधलाच गेला नाही.

तेव्हा गरज वाटली नाही कारण कुलदीप आणि युजवेंद्र चहल ही जोडी ऐन भरात होती. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सहा सामन्यांच्या मालिकेत दोघांनी मिळून ३३ बळी घेतले, मालिका ५-१. पण मनगटी फिरकीचे दोघे खेळवले की आठव्या क्रमांकापासून पुढे फलंदाजी नाही. २०१९ च्या विश्वचषकात ही जोडी फुटली.

इथे कुणीतरी बोट वर करील आणि ते योग्यच असेल. २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना आणि २०१९ चा उपांत्य सामना आपण मधल्या षटकांत कुठे हरलो? महंमद आमिरने आणि मॅट हेन्री-ट्रेंट बोल्टने नव्या चेंडूनेच निकाल लावला होता. ओल्ड ट्रॅफर्डला रोहित, राहुल आणि कोहली प्रत्येकी एक धाव करून परतले, ३ बाद ५. खरं आहे. पण नव्या चेंडूवर तीन गडी जाणं कुणाच्याही नशिबी येऊ शकतं. अहमदाबादला ऑस्ट्रेलियाचेही ४७ धावांत तीन गेलेच होते. त्यानंतर संघाकडे काय उरतं, यावर त्याचा कस लागतो. मँचेस्टरला आपल्याकडे उरले होते पंत आणि पंड्या, दोघेही ३२ वर फिरकीला उंच मारायला जाऊन बाद. जडेजाने ५९ चेंडूंत ७७ करून सामना जिवंत केला, धोनी धावबाद झाला, १८ धावा कमी पडल्या. जडेजा आला सातव्या गड्यासाठी! लक्ष्य २४० होतं. चौथ्या क्रमांकावर कोणीही जाणता फलंदाज तीस षटकं उभा राहिला असता तर पुरे होतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेत जे झालं त्याची चर्चा टी-ट्वेंटी विश्वविजेतेपदाच्या मिरवणुकीत वाहून गेली. १९९७ नंतर पहिल्यांदाच श्रीलंकेने आपल्याला एकदिवसीय मालिकेत हरवलं. तीन सामन्यांत आपले २७ गडी फिरकीने टिपले. दुसऱ्या सामन्यात बिनबाद ९७ वरून ६ बाद १४७. वँडरसे आणि वेल्लालागे यांची नावं झाली. पण पहिला सामना बरोबरीत सोडवताना शेवटचे दोन गडी लागोपाठ पायचीत करणारा चरिथ असलंका हा मधल्या फळीतला फलंदाज आणि कर्णधार होता. दुसऱ्या सामन्यातही त्याने तीन गडी घेतले. अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा तेच, पुन्हा श्रीलंका.

त्या पराभवाचा उपयोग झाला, असं म्हणायला जागा आहे. प्रशिक्षकाच्या खुर्चीत तोवर गंभीर बसला होता. २०२५ चा चॅम्पियन्स करंडक आपण दुबईत जिंकला तो मधल्या षटकांचा हिशेब मांडूनच. अक्षर पटेल पाचव्या क्रमांकावर, राहुल सहाव्यावर, मग पंड्या आणि जडेजा, म्हणजे आठव्यापर्यंत फलंदाजी आणि सहा गोलंदाज. ९ मार्चच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध वरुण चक्रवर्ती, कुलदीप, जडेजा आणि अक्षर या चौघांनी ३८ षटकांत १४४ धावा दिल्या. आपली सलामी बिनबाद १०५ झाल्यावर १२२ पर्यंत तीन गडी गेले तेव्हा अय्यर आणि अक्षर यांनी ६१ धावांची भागीदारी केली. श्रेयस अय्यर २४३ धावांसह त्या स्पर्धेत आपला सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला आणि तरीही रोहित-कोहलीच्या जयघोषात त्याचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं. सगळे सामने एकाच मैदानावर खेळायला मिळाले, हा फायदा होताच. तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण या विषयातला अलीकडचा सर्वांत सुंदर सामना पुरुष संघाने खेळलेला नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात आपला संघ लागोपाठ तीन सामने हरला होता. त्यांतल्या तिसऱ्या सामन्यात, इंदूरला इंग्लंडविरुद्ध, सहावा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला वगळून रेणुका सिंगला घेतलं. २८९ च्या पाठलागात ३ बाद २३४ असताना सामना आपला होता, तो चार धावांनी गेला. फलंदाज की गोलंदाज, हा पेच दोन्हींकडून कसा महागात पडतो याचा याहून स्पष्ट नमुना नसेल. जेमिमा परत आली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ समोर तिने नाबाद १२७ केल्या, हरमनप्रीत कौरबरोबर १६७ धावा जोडल्या. त्या भागीदारीत दोघींनी एकेरी धाव कधी थांबू दिली नाही. ढगांत मारलेले फटके त्यात अगदी थोडे होते.

तीन दिवसांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट जमली होती, धावगती हाताबाहेर नव्हती आणि प्रमुख गोलंदाजांकडून विकेट पडेना. हरमनप्रीतने चेंडू शेफाली वर्माला दिला. शेफाली सलामीची फलंदाज, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी संघात आलेली, त्या दिवशी ८७ धावा करून बसलेली. तिने सुने लूस आणि मरिझान काप यांना झटपट काढलं. पुढचं काम दीप्ती शर्माने केलं, ५८ धावा आणि पाच बळी. प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, ज्यांनी स्थानिक क्रिकेटमध्ये धावांचे डोंगर रचले आणि भारताची टोपी कधी घातली नाही. वानखेडेवर १९८७ मध्ये जे हुकलं होतं ते डी. वाय. पाटील मैदानावर एका फलंदाजाच्या ऑफस्पिनने साधलं.

पुरुष संघात इतक्यात काय दिसतं? अय्यर जखमी असताना २०२५ च्या डिसेंबरात रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ऋतुराज गायकवाडला चौथ्या क्रमांकावर पाठवलं. मूळचा सलामीवीर असूनही त्याने ८३ चेंडूंत १०५ केल्या, एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं शतक, आणि कोहलीबरोबर १९५ धावांची भागीदारी. मधल्या षटकांत फिरकीला पायांचा वापर करून खेळणारा फलंदाज हवा, हे त्याने दाखवून दिलं. सामना मात्र ३५८ करूनही हरलो. दक्षिण आफ्रिकेने ३६२ केल्या. पुन्हा दव होतं, पुन्हा मधल्या षटकांत गडी पडेनात.

पुढचा विश्वचषक २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तिथल्या खेळपट्ट्यांवर दुबईसारखे चार फिरकी गोलंदाज चालणार नाहीत, तीन वेगवान लागतील आणि मग उरलेली षटकं कुणाकडून काढायची हा प्रश्न पुन्हा समोर येईल. रोहित आणि कोहली तेव्हा असतील की नाही, यावर दोन वर्षं शाई आटवण्यापेक्षा निवड समितीने हा प्रश्न आत्ताच हाती घ्यावा. तिलक वर्मा, यशस्वी जयस्वाल, अभिषेक शर्मा या तिघांनाही फिरकी टाकता येते. त्यांना विजय हजारे करंडकात, भारत अ संघात आणि बिनमहत्त्वाच्या मालिकांत नेमाने पाच-पाच षटकं टाकायला लावा, मार पडला तरी टाकायला लावा. २०२७ चा संघ जाहीर होईल तेव्हा वाचकांनीही एक करावं: कोण वगळला गेला हे बघण्याआधी पहिल्या सहा फलंदाजांत गोलंदाजी करू शकणारे किती आहेत ते मोजावं. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात जडेजा हा प्रमुख गोलंदाज सोडला तर तो आकडा शून्य होता.